भिंतीवरच्या दहा अपेक्षा

पुण्याहून मिरजेकडे जाणारी गाडी धरावी, रहिमतपूरला उतरावे आणि तेथून पूर्वेला औंधची एस.टी. पकडावी. कृष्णाकाठचे उसाचे मळे हळूहळू मागे पडतात. जमिनीचा काळा रंग फिका होत जातो, झाडे विरळ होतात आणि माळावर मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. मग एका वळणावर टेकडी दिसते. टेकडीवर कोट, कोटात देऊळ. शेजारी बसलेली म्हातारी हात जोडून कपाळाला लावते, तेव्हा ओळखावे की यमाईचे मूळपीठ आले, औंध आले.

गेल्या वर्षी आश्विनात आठ दिवसांची मोकळीक मिळाली आणि मी या गावाला गेले. एम.ए.ला असताना वसतिगृहात माझ्याबरोबर एकाच खोलीत राहिलेली मैत्रीण आता औंधला राहते आणि तेथून सहा-सात किलोमीटरांवरच्या एका खेड्यातील हायस्कुलात मुख्याध्यापिका आहे. "तू औंध पाहा, मी माझी शाळा सांभाळते. संध्याकाळी गप्पा मारू," असे तिने कळवले होते. प्रत्यक्षात मी औंध पाहिले ते एका रविवारी. उरलेला सगळा आठवडा त्या हायस्कुलातच गेला, आणि त्याचीच ही हकीगत आहे.

पण आधी त्या रविवारविषयी थोडे सांगायला हवे. औंध हे एके काळचे संस्थान. संस्थान म्हणजे तरी काय, इकडे औंध, तिकडे आटपाडी, पलीकडे कुंडल, असे तुकड्यातुकड्यांचे गोधडीसारखे राज्य. १९०९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. हे राजेसाहेब चित्रे काढीत, कीर्तन करीत आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा मिळाली ती याच संस्थानात, १९१० साली. पुढे १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राजेसाहेबांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना दिली. मूळपीठाच्या टेकडीवरचे श्रीभवानी चित्रसंग्रहालय १९३८ सालचे. तेथे रविवर्मा आहे, धुरंधर आहेत आणि हेन्री मूरने घडवलेली आई आणि तिचे मूलही आहे. एवढ्याशा गावात हे सारे पाहिले की शहरातून आलेल्या माणसाचा तोरा थोडा उतरतो.

आम्हां मराठीच्या मास्तरांना औंधचे वेगळे अप्रूप. १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे हे राजे. त्यांच्याच गावच्या शाळेत ग. दि. माडगूळकर शिकले आणि गणिताने दगा दिल्यामुळे मॅट्रिकला नापास झाले. त्याच माडगूळकरांचे गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि त्यांच्या शब्दांसाठी घरोघरी माणसे रेडिओपुढे बसू लागली. १९७३ साली यवतमाळच्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आटपाडीच्या महारवाड्यातून शंकरराव खरात औंधलाच शिकायला आले. ते पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगावच्या संमेलनाचे अध्यक्ष. शाळेने कोणाकडून काय अपेक्षा करावी आणि कोणातून काय निघावे, याचा काही ताळमेळ लागत नाही, हे त्या रविवारी पायऱ्या उतरता उतरता मनात आले होते.

सोमवारी सकाळी मैत्रिणीच्या दुचाकीवर मागे बसून मी शाळेत गेले. कौलारू छपराचे पाच वर्ग, पुढे स्लॅबच्या तीन खोल्या, अंगणात दोन कडुलिंब आणि एक पाण्याची मोठी टाकी. टाकीवर देणगीदाराचे नाव. प्रवेशद्वाराशेजारच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांचे शीर्षक होते : ‘विद्यार्थ्यांकडून अपेक्षा’. खाली एक ते दहा आकडे. शाळेत वेळेवर यावे. गणवेश स्वच्छ असावा. गृहपाठ नियमित करावा. वडीलधाऱ्यांचा मान राखावा. पाण्याचा नळ बंद करावा. असे करत करत शेवटची, दहावी अपेक्षा होती : विनापरवानगी गैरहजर राहू नये.

"सगळ्या शाळांतून असंच लिहिलेलं असतं का गं?" मी विचारले.

"रंगवणारा पेंटर एकच असतो," ती म्हणाली.

कडुलिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर शिपाईमामांनी ठोके दिले आणि शाळा भरली. राष्ट्रगीत झाले, प्रतिज्ञा झाली, संविधानाची उद्देशिका झाली. सातवीतल्या एका मुलीने सुविचार सांगितला, पण तो निम्म्यावर विसरला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि या खेपेला शेवटपर्यंत नेला. कोणी हसले नाही. माझ्या कॉलेजात हसले असते.

दुपारी खिचडी शिजली. पोषण आहार आठवीपर्यंतच्या मुलांना. नववी-दहावीची मुले भाकरीचा डबा आणतात आणि खिचडीच्या वासात बसून खातात. सोमवारी जेवणानंतर लोहाची गोळी देण्याचा तिथला रिवाज. ती मात्र सर्वांना. गोळी गिळताना प्रत्येकजण असा चेहरा करतो, की पाहणाऱ्याच्याच तोंडाला कडू चव यावी.

मंगळवार गावच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी पट निम्म्यावर येतो. कोणी कांद्याच्या पाटीबरोबर गेलेला, तर आई बाजारात बसते म्हणून कोणी धाकट्या भावाला सांभाळत घरी राहिलेली. दहावीच्या वर्गशिक्षकांनी हजेरी घेतली. एका क्रमांकाला कोणी ‘हजर’ म्हणाले नाही. सरांनी मान वर न करता विचारले, "आजही नाही?" आणि तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "न्हाई सर." त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. वर्गात बसायला जागा कमी, एकेका बाकावर तिघे-तिघे. तरी त्या जागेवर कोणी सरकले नव्हते.

मी ते पाहिले आणि विसरले. हजेरीपटावरचा ‘ग’ मला नवा नाही.

बुधवारी विज्ञानाचे सर तालुक्याला बैठकीसाठी गेले आणि दहावीचा तास रिकामा राहिला. "तू जा. पुण्याच्या कॉलेजातल्या मॅडम म्हणून सांगितलं आहे, जरा रुबाब ठेव," मैत्रीण म्हणाली. माझा रुबाब दोन मिनिटे टिकला. कोणत्या कवितेपासून सुरुवात करावी याचा विचार करत असताना खिडकीतून ती निळी अक्षरे दिसली आणि मी फळ्यावर लिहिले : ‘आमच्या शाळेकडून अपेक्षा’.

वर्ग गोंधळला. एका मुलीने हात वर केला. "मॅडम, शाळेच्या आपल्याकडून का आपल्या शाळेकडून?"

"तुमच्या, शाळेकडून."

"खरं खरं लिहायचं?"

"खरंच लिहायचं. नाव घालू नका."

चाळीस मिनिटे पेनांचा आवाज तेवढा येत होता. संध्याकाळी औंधला घराच्या ओसरीवर बसून आम्ही दोघींनी ते कागद वाचले. नववी-दहावीलाही खिचडी मिळावी, असे निम्म्याहून अधिक जणांनी लिहिले होते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी असावी, हे सहा जणींनी लिहिले होते, आणि सहाही जणींनी ते वाक्य कागदाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिले होते. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली हरवली असेल तर नवीन करून घ्यावी. शेवटचा तास पाच मिनिटे आधी सुटावा, कारण एस.टी. थांबत नाही आणि पुढची सव्वा तासाने येते. मुलींना पास फुकट असला तरी अंधार फुकटात चुकत नाही. गणिताच्या सरांनी वर्षातून एकदा तरी हसावे. एकाने लिहिले होते, ‘आम्ही घरी बोलतो तसे वहीत लिहिले तर लाल रेघ मारू नये, निदान आमच्या आईचे बोलणे म्हणून सोडून द्यावे.’ या कागदावर मी बराच वेळ अडले. अशा लाल रेघा मी आजवर किती मारल्या असतील, त्याचा हिशेब नाही.

मैत्रीण एकेक मुद्दा वहीत टिपत होती. "कडी उद्याच बसवते," ती म्हणाली आणि तेवढ्यात तिने पुढचा कागद उचलला. त्यावर तीनच ओळी होत्या. ‘माझ्या शेजारचा आठ दिवस शाळेत नाही. शाळेने त्याच्या घरी जाऊन त्याला आणावे. बाकी माझी काही अपेक्षा नाही.’

तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

आता या भागातील एक गोष्ट शहरी वाचकांना सांगायला हवी. खटाव, माण, आटपाडी, खानापूर हे तालुके पावसाच्या सावलीतले. येथील माणसे पोटासाठी घराबाहेर पडली ती थेट देशाच्या कानाकोपऱ्यांत. सोन्याचांदीची गलाई, म्हणजे जुने दागिने आणि सराफांच्या दुकानातला सोन्याचा चुरा वितळवून, आम्लात शुद्ध करून देण्याचा धंदा, हा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला केला. तमिळनाडूत, केरळात, बंगालमध्ये कोठेही सराफ बाजारात जा, भट्टीपाशी बसलेला माणूस सातारा-सांगलीकडची मराठी बोलेल. या धंद्याने दुष्काळी गावांत पक्की घरे उभी केली, देवळांवर कळस चढवले. त्याचबरोबर ओठावर मिसरूड फुटण्याआधीच मुलगे ‘दुकानावर’ जाण्याची वाटही रुळली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी त्या मुलाच्या वस्तीवर गेलो. ज्वारी पेरलेल्या दोन तुकड्यांच्या कडेला घर. ओसरीत मुलाचे वडील भिंतीला टेकून बसले होते. विहिरीच्या कामावर कमरेला मार बसल्यापासून ते जड काम करू शकत नाहीत. बाजेवर त्रिशूरहून आलेला मामा. शाळेच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर ज्याचे नाव होते, तोच हा मामा, हे मला तेथे गेल्यावर कळले. मुलगा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. मैत्रिणीने त्याला काहीच विचारले नाही, आणि ते बरे केले.

आजीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "बाई, शाळंचं खरं हाय. पर हे असं हाय," ती म्हणाली, आणि तिने जावयाच्या कमरेकडे पाहिले.

मामा दुष्ट माणूस नव्हता. कथेत असता तर त्याला दुष्ट करून लेखिकेने आपले काम सोपे केले असते. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी नववीतनं गेलो. आज मला मल्याळम येतं, तमिळ येतं. गावात घर बांधलं. दोन बहिणींची लग्नं केली. शिकलेली आमच्या गावची किती पोरं पुण्यात रिकामी फिरत्यात, ते तुम्हीच सांगा."

मी मराठीची प्राध्यापिका. माझ्या हाताखालून एम.ए. होऊन गेलेल्यांपैकी कोण काय करते, हे मला पक्के ठाऊक आहे. मी तांब्यातले पाणी प्याले आणि गप्प बसले.

मैत्रीण म्हणाली, "दादा, तुमचं खोटं नाही. मुलगा हिशेबाला पक्का आहे, तुम्हाला उपयोगी पडेल हेही खरं. पण परीक्षा पाच महिन्यांवर आली आहे. आणि मला एक सांगा, तुम्ही नववीतून गेलात, तेव्हा शाळेतलं कोणी घरी आलं होतं?"

मामाने आधी मान हलवली. मग बराच वेळ तो अंगणातल्या शेळीकडे पाहत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "कोन आलं न्हाई. मी वाट बघत हुतो का, ते आता ध्यानात न्हाई." आणि थोड्या वेळाने : "शनवारचं रिझर्वेशन झालंय, मॅडम. दोघांचं."

परत येताना दुचाकीवर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मूळपीठावर दिवे लागले होते. यमाईच्या नावाची एक कथा तिकडे सांगतात. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाची परीक्षा पाहण्यासाठी पार्वती सीतेचे रूप घेऊन आली. रामाने तिला ओळखले आणि ‘ये माई’ म्हणून हाक मारली, तीच यमाई. ही कथा खरी असो वा नसो, देवीचे नाव एका हाकेवरून पडले एवढे मला त्या संध्याकाळी पुरले.

शुक्रवारी दहावीच्या वर्गात मी मुलांचे कागद वाचून दाखवले, तो तीन ओळींचा सोडून. स्वच्छतागृहाला कडी लागली होती. कपाटाचे कुलूप शिपाईमामांनी हातोडीने तोडले. त्यातून जी पुस्तके निघाली त्यांत व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ होती, १९४९ साली प्रथम छापलेल्या पुस्तकाची पुढची एक आवृत्ती. ती बोली पाहून लाल रेघेची तक्रार करणारा मुलगा कोण, हे मला न विचारता कळले, कारण त्याच्या हातून ते पुस्तक सुटेना. मग मी त्यांना शेजारच्या औंधच्या शाळेत गणितात अडलेल्या मुलाची गोष्ट सांगितली. गणिताचे सर दारात उभे राहून ऐकत होते. ते हसले. वर्गाने टाळ्या वाजवल्या, त्या माझ्या गोष्टीसाठी खास नव्हत्या.

तिसऱ्या बाकावरची ती जागा रिकामीच होती.

शनिवारी सकाळची शाळा. सात वाजता मैदानावर सारे जमले. औंधच्या राजेसाहेबांचा सूर्यनमस्कार या मुलुखात अजून टिकून आहे. बारा मंत्र आणि बारा नमस्कार. मुले रांगेत दोन हातांचे अंतर घेऊन उभी राहिली. तिसऱ्या बाकावरचा मुलगा दहावीच्या रांगेत शेवटी होता. त्याने आपल्या पलीकडे आणखी एका माणसाची जागा ठेवली होती. कवायतीच्या सरांनी त्याला आत सरकायला सांगितले. तो सरकला, आणि सर पुढे गेल्यावर पुन्हा होता तेथे आला.

सातवा नमस्कार चालू असताना फाटकातून एक मुलगा धावत आला. अंगात गणवेश नव्हता. प्रवासासाठी घेतलेला नवा कोरा शर्ट, घड्या न मोडलेला. मामाला एस.टी.त बसवून तो परस्पर शाळेत आला होता. दुसऱ्या तिकिटाचे मामाने काय केले ते कोणास ठाऊक. वेळेवर यावे, गणवेश असावा, गृहपाठ करावा, गैरहजर राहू नये. भिंतीवरच्या दहांपैकी निदान चार अपेक्षा त्याने त्या सकाळी एका दमात मोडल्या. सरांनी त्याच्याकडे पाहिले, शिट्टी तोंडातून काढली आणि "आठवा" एवढेच म्हणाले. तो रिकाम्या जागेवर उभा राहिला आणि आठव्या नमस्काराला वाकला.

माझी मैत्रीण ऑफिसच्या पायरीवर उभी होती. तिने नाक पुसले आणि धुळीला नावे ठेवली.

दिवाळीनंतर कॉलेज उघडले तेव्हा मी माझा हजेरीपट काढून बसले. सव्वाशेचा वर्ग, काही क्रमांकांपुढे ‘ग’ची रांग महिनाभर सरळ गेलेली. आजवर त्या रांगेकडे मी परीक्षेला बसू द्यावे की न द्यावे एवढ्याच हिशेबाने पाहत आले होते. त्यातल्या एका मुलीला फोन लावला. माझे नाव ऐकून पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "मॅडम, माझं नाव अजून आहे का पटावर?" ती परत आली, असे लिहायला मला आवडले असते. ती आली नाही. पण सासरी काय चालले आहे ते तिने पाऊण तास सांगितले, आणि अजून अधूनमधून फोन करते. बाकीच्या क्रमांकांनाही मी फोन केले. पंचविशीत करायला हवे होते ते काम पंचेचाळिशीला सुरू झाले, एवढाच काय तो फरक.

यंदा निकाल लागल्यावर मैत्रिणीचा फोन आला. मुलगा पास झाला. गणितात उत्तम, मराठीत काठावर. आणि जूनमध्ये तो मामाकडे त्रिशूरला गेला.

"म्हणजे शेवटी गेलाच," मी म्हणाले. माझ्या आवाजात निराशा असावी.

"गेला. पण जाण्याआधी शाळेत आला. पेढे आणले, आणि दाखला मागितला," ती म्हणाली. "अगं, न सांगता दुकानावर गेलेली मुलं कधी दाखला मागायला येत नाहीत. त्यांची नावं आम्ही वर्षअखेर कमी करतो, आणि दाखले तसेच फायलीत राहतात. दाखला तोच मागतो, ज्याला पुढं कुठंतरी नाव घालायचं असतं."

"मग काय लिहिलंस त्याच्या दाखल्यावर?"

"वर्तणूक चांगली," ती म्हणाली. "आणि शाळा सोडण्याच्या कारणापुढं, दहावी उत्तीर्ण."